कॉलेजच्या फीसाठी सरकारी मदत: आधी कागद, मग खातं, मग अर्ज

मराठवाड्यात फीची जुळवाजुळव बहुतेक घरांत सीईटीचा निकाल लागल्यावर सुरू होते, आणि मदत हातची जायला तिथंच सुरुवात होते. योजना आहेत, पैसाही येतो. पण जात पडताळणीला महिने लागतात, उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि 'आधार लिंक आहे' असं बँकेत सांगितलेलं खातं सरकारी पैसे घ्यायला तयारच नसतं. म्हणून इथं ज्या कामाला जास्त वेळ लागतो ते आधी घेतलं आहे. लेकरू अकरावीत असेल तर पहिल्यापासून वाचा. प्रवेश झालेला असेल तर खात्याच्या भागापासून सुरू करा.

अकरावीतच हात घालायचं काम: जात पडताळणी

अभियांत्रिकी, फार्मसी, वैद्यकीय, कृषी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवरून प्रवेश घ्यायचा असेल तर जातीच्या दाखल्यासोबत जात वैधता प्रमाणपत्र लागतं. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात. वैधता मात्र जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती देते, आणि अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी असते. दाखला हातात आहे म्हणून काम झालं असं धरून बसणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याची प्रत शिक्षण घेत असलेल्या कॉलेजच्या शिफारशीसह समितीकडे द्यायची. विद्यार्थ्यासाठी नमुना १६ हा मुख्य अर्ज असतो. नमुना ३ चं शपथपत्र वंशावळीसाठी आणि नमुना १७ चं शपथपत्र कागद खरे असल्याबद्दल लागतं. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात, म्हणजे वडील, चुलते, आत्या, सख्खं भावंड, चुलतभाऊ यांपैकी कुणाकडे वैधता असेल तर तिची प्रत सगळ्यांत वर लावा. वंशावळीत ते नाव तसंच, त्याच स्पेलिंगनं आलं पाहिजे.

कुणाकडेच वैधता नसेल तर जुना पुरावा शोधावा लागतो. तो किती जुना हवा हे ठरलेलं आहे: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, आणि ओबीसी व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबा किंवा पणजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेतून प्रवेश निर्गम नोंदवहीचा उतारा काढा. यात आपल्याकडची अडचण वेगळी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाकडे होता, त्यामुळे त्या काळातल्या बऱ्याच नोंदी उर्दूत आहेत आणि काही मोडीत. अशा उताऱ्याला प्रमाणित मराठी भाषांतर जोडावं लागतं. अनेक नोंदींत आडनाव नसतं, फक्त नाव आणि बापाचं नाव असतं. मग ती नोंद आपल्याच आजोबांची आहे हे वंशावळ आणि जमिनीचे जुने कागद मिळून दाखवावं लागतं. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद), जुने फेरफार, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी पाहाव्या लागतात. एका खेपेत हे होत नाही, म्हणूनच अकरावीची दिवाळीची सुट्टी यासाठी राखून ठेवा.

२ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयानं निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटियरच्या (सरकारी नोंदग्रंथाच्या) आधारे कुणबी दाखल्यासाठी गावपातळीवर चौकशीची पद्धत ठरवून दिली. त्या वाटेनं दाखला मिळाला तरी वैधतेची पायरी राहतेच. आणखी एक जपा: सीईटीच्या अर्जात, कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) अर्जात आणि शिष्यवृत्तीच्या अर्जात प्रवर्ग एकच असला पाहिजे. मध्येच एसईबीसीचा (मराठा आरक्षणाच्या प्रवर्गाचा) ओबीसी झाला आणि प्रवेशाच्या पत्रावर जुनाच प्रवर्ग राहिला, तर शिष्यवृत्तीचा अर्ज कॉलेजच्या टेबलावरच अडतो.

तहसीलचे दाखले आणि त्यांची मुदत

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा घरून पोर्टलवर अर्ज करता येतो आणि लोकसेवा हक्काप्रमाणे १५ दिवसांत मिळायला हवा. सोबत शिधापत्रिका, आधार, सातबारा आणि आठ-अ, ग्राम महसूल अधिकाऱ्याचा (अजूनही सगळे तलाठीच म्हणतात) अहवाल लागतो. पगारदार असेल तर फॉर्म १६. दाखल्यावर मुदतीची तारीख छापलेली असते आणि ती बहुधा ३१ मार्च असते. म्हणून जानेवारीत घाईनं काढलेला दाखला जुलैच्या अर्जाला चालत नाही. एप्रिल उजाडला की नव्या आर्थिक वर्षाचा दाखला काढा. मे-जूनमध्ये सेवा केंद्रावर गर्दी होते, सर्व्हर बसतो आणि एकेका सहीसाठी दोन-दोन खेपा पडतात.

नॉन क्रीमिलेअर (मागास प्रवर्गातल्या सधन गटात नसल्याचा दाखला) आणि उत्पन्नाचा दाखला यांत लोकांची हमखास गल्लत होते. दोन्हीकडे आकडा ८ लाखांचाच दिसतो. पण नॉन क्रीमिलेअर ठरवताना पगाराचं आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, तर शिष्यवृत्तीसाठी आईवडिलांचं सगळं उत्पन्न मोजतात. त्यामुळे एखाद्या शिक्षकाच्या मुलीला नॉन क्रीमिलेअर सहज मिळतं, पण फी सवलतीत ती बसत नाही. उलट शेतकऱ्याच्या घरात नॉन क्रीमिलेअर आहे म्हणून उत्पन्नाचा दाखला काढायचाच राहून जातो. दोन्ही काढा. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्रही दर वर्षी नवं लागतं.

याच खेपेत अधिवास प्रमाणपत्र काढून घ्या. जमीन कमी असेल तर अल्पभूधारक असल्याचं प्रमाणपत्रही मागा. ते कशाला, हे पुढं वसतिगृह भत्त्यात येईल. बारावीनंतर नीटसाठी वर्ष थांबला असाल तर गॅपचं शपथपत्र करून ठेवा. सगळे दाखले बारकोडचे असावेत. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर बारकोड टाकला की माहिती आपोआप येते आणि पडताळणी लवकर होते. हातानं लिहिलेला जुना दाखला स्कॅन करून चढवता येतो, पण तो तपासायला वेळ जातो.

खातं: पैसे इथंच अडतात

अर्ज मंजूर झाला, निधी सुटला, पोर्टलवर तसं दिसलं, आणि पासबुकात काहीच नाही. दर वर्षी किती तरी लेकरांचं असंच होतं, आणि त्याचं कारण जवळजवळ नेहमी खात्यात असतं.

आधार बँकेत देणं आणि आधार सीडिंग ही दोन वेगळी कामं आहेत. केवायसीसाठी आधारची झेरॉक्स दिली की खात्याला आधार क्रमांक जोडला जातो, आणि काउंटरवरचा माणूस 'लिंक आहे' म्हणतो ते यालाच. पण डीबीटीचा, म्हणजे सरकार थेट खात्यात टाकतं तो, पैसा खाते क्रमांकावर येत नाही, आधार क्रमांकावर येतो. कोणत्या आधारचा पैसा कोणत्या बँकेत टाकायचा याची नोंद एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे) असते. ती नोंद करायला बँकेत वेगळा संमतीचा फॉर्म भरावा लागतो. फॉर्म मागताना 'डीबीटीसाठी एनपीसीआयला आधार सीडिंग करायचंय' असं स्पष्ट म्हणा आणि पोच घ्या. चार-पाच दिवसांनी माय आधारच्या संकेतस्थळावर लॉगिन करून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. तिथं बँकेचं नाव बरोबर आणि पुढं 'ॲक्टिव्ह' असेल तरच काम झालं. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एका आधारला एका वेळी एकच बँक. शाळेत असताना गणवेशाच्या पैशासाठी उघडलेलं खातं, मग कॉलेजनं उघडायला लावलेलं खातं, मग मोबाइलवर दोन मिनिटांत उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं, असं होत गेलं की शेवटी ज्याचं सीडिंग झालं तिथं पैसे जातात. ते खातं आठवणीतही नसतं. पैसे बुडालेले नसतात, भलत्याच खात्यात पडून असतात. आधी सीडिंग स्टेटस पाहा, मग त्या बँकेचं पासबुक भरा.

अल्पवयीन असताना उघडलेलं खातं १८ पूर्ण झाल्यावर नव्यानं केवायसी केल्याशिवाय नीट चालत नाही. आणि काही शून्य शिलकीची खाती 'स्मॉल अकाउंट' प्रकारची असतात: शिल्लक ५० हजारांच्या वर नेता येत नाही आणि वर्षभरात मिळून १ लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. फीची ७० हजारांची रक्कम अशा खात्यावर आली की परत जाते. बँकेत विचारा की माझं खातं कोणत्या प्रकारचं आहे, आणि पूर्ण केवायसी करून ते साध्या बचत खात्यात बदलून घ्या.

वडिलांच्या पीक कर्जाच्या शाखेतच वडिलांसोबतचं संयुक्त खातं शिष्यवृत्तीला देऊ नका. कर्ज थकलं असेल तर जमा झालेली रक्कम होल्डवर पडण्याची धास्ती राहते. खातं एकट्या विद्यार्थ्याच्या नावावर असू द्या. पतसंस्थेतलं खातंही चालत नाही, कारण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. जवळ बँक नसेल तर पोस्टमनकरवी घरीच इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडता येतं आणि त्याचं सीडिंगही तिथंच होतं.

आता मोबाइल क्रमांकाचं. महाडीबीटीची नोंदणी आधारच्या ओटीपीवर होते. बीड, जालना, परभणीकडच्या ऊसतोडणीच्या घरांत आधारला बापाचाच नंबर असतो, आणि अर्जाचे महिने नेमके हंगामात येतात. लेकरू सेवा केंद्रात बसलेलं, बाप कारखान्याच्या फडात, फोन कोपीत चार्जिंगविना बंद. ओटीपीची मुदत संपते, पुन्हा रांग. दसऱ्याला घरची माणसं तोडीला निघायच्या आधी विद्यार्थ्याच्या आधारला त्याचा स्वतःचा नंबर जोडून घ्या. आधार केंद्रावर बोटाचा ठसा देऊन हे होतं, पण त्याला स्वतःलाच जावं लागतं.

कोणती योजना आपली

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख. त्यात फी आणि वरून शैक्षणिक भत्ता मिळतो. व्यावसायिक पदवीला वसतिगृहात राहणाऱ्यास वर्षाला १३,५०० आणि घरून ये-जा करणाऱ्यास ७,०००. बीए, बीकॉम, बीएस्सीला ६,००० आणि ३,०००. अकरावी-बारावी आणि आयटीआयला ४,००० आणि २,५००. उत्पन्न २.५ लाखांच्या वर असेल तर फ्रीशिपमध्ये शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळतं, भत्ता नाही.

या योजनेतली एक गोष्ट न कळल्यानं फार घोटाळा होतो. २०२०-२१ पासून खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा आहे, आणि हे पैसे वेगवेगळ्या वेळी विद्यार्थ्याच्या खात्यावर येतात. त्यातली फीची रक्कम कॉलेजची असते. ती मिळताच ७ दिवसांत कॉलेजात भरून पावती घ्यायची असते. घरच्यांना वाटतं शिष्यवृत्ती आली, ती खतात किंवा दवाखान्यात खर्च होते, आणि शेवटच्या वर्षी टीसी मागायला गेलं की पूर्ण थकबाकी समोर येते. पासबुकात आलेली रक्कम भत्त्याची की फीची हे पोर्टलवरच्या मंजुरीत पाहा, आणि फीची रक्कम त्याच आठवड्यात भरून टाका.

विमुक्त जाती, भटक्या जमाती, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या योजना आहेत. खुल्या, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. लोक अजून तिला ईबीसी सवलत म्हणतात. मर्यादा ८ लाख. मुलांना निम्मं शिक्षण शुल्क आणि निम्मं परीक्षा शुल्क मिळतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत हे दोन्ही शुल्क पूर्ण माफ झालं.

'पूर्ण माफ' ऐकून मात्र रिकाम्या हातानं प्रवेशाला जाऊ नका. कॉलेजच्या फीत शिक्षण शुल्क वेगळं आणि विकास शुल्क वेगळं. सवलत शिक्षण शुल्काला आहे. समजा एका खासगी अभियांत्रिकी कॉलेजची फी ७७ हजार आहे, त्यात ७० हजार शिक्षण शुल्क आणि ७ हजार विकास शुल्क. पात्र मुलीच्या घरून ७ हजार जातील. शाहू महाराज योजनेतल्या मुलाच्या घरून ३५ अधिक ७, म्हणजे ४२ हजार. पर्याय भरण्याआधीच प्रत्येक कॉलेजच्या फीचे हे दोन आकडे शुल्क नियामक प्राधिकरणाच्या मंजुरीत पाहून वहीत लिहून ठेवा. याशिवाय बस, वसतिगृह, अनामत, गणवेश यांचा या माफीशी काही संबंध नाही.

प्रवेश कॅपमधून झालेला असला पाहिजे. संस्थास्तरावरच्या किंवा व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला ही सवलत नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांनाही नाही. पुण्याकडच्या एखाद्या विद्यापीठाचा माणूस गावात येऊन 'जागा पक्की, स्कॉलरशिप होईल' म्हणतो, आणि घरचे पहिला हप्ता भरून मोकळे होतात. एवढंच विचारा: हे कॉलेज कॅपमध्ये आहे का, आणि या जागेवर महाडीबीटी लागू आहे का, लेखी द्या. लेखी मिळत नसेल तर पैसे भरू नका.

शाहू महाराज योजनेत एका कुटुंबातल्या दोन अपत्यांनाच लाभ आहे. तिसऱ्याचा अर्ज पोर्टल घेईलही, पण पुढं नाकारला जाईल.

अनुदानित कॉलेजात बीए, बीएस्सी करणाऱ्यांची फी थोडकी असते, तरी अर्ज सोडू नका. बारावीला बोर्डात वरच्या २० टक्के मुलांत असाल आणि उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असेल, तर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची केंद्रीय शिष्यवृत्ती पाहा: पदवीच्या तीन वर्षांत दर वर्षी १२ हजार, पदव्युत्तरला २० हजार. आपल्याकडं तिचे अर्ज कमी होतात असं दिसतं. माहितीच पोचत नाही.

खोली, मेस आणि राहण्याचा खर्च

फी सुटली तरी छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडला खोली करून राहणं बापाला पेलत नाही, आणि मुलं शिक्षण सोडतात ती बहुतेक इथं. म्हणून हा भाग फीइतकाच मनावर घ्या.

आधी सामाजिक न्याय विभागाच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज. जागा गुणांवर भरतात, त्यामुळे निकालानंतर लगेच भरा. तिथं नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. छत्रपती संभाजीनगरसारख्या विभागीय शहरात वर्षाला ५१ हजार (भोजन २८, निवास १५, निर्वाह ८), जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार, तालुक्याच्या ठिकाणी ३८ हजार, आणि पुण्या-मुंबईत ६० हजार. उत्पन्न २.५ लाखांच्या आत हवं, ७५ टक्के हजेरी हवी, आणि विद्यार्थी ज्या शहरात शिकतो तिथला रहिवासी नसावा. अर्ज जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण कार्यालयाकडं जातो. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी याच धर्तीवर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. ओबीसी, विमुक्त-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, तिच्यात मात्र जिल्ह्याला ६०० विद्यार्थ्यांचीच मर्यादा असते. तिथं गुण आणि वेळ दोन्ही लागतात.

स्वाधारचा अर्ज बहुतेक भाड्याच्या कागदावर अडतो. घरमालक करार लिहून द्यायला कचरतो, मग मुलं कुठलाही कागद जोडतात आणि पडताळणीत सापडतात. खोली ठरवतानाच मालकाला सांगा की भाडेकरार लागेल, आणि डिपॉझिट द्यायच्या आधी त्यावर सही घ्या. हजेरीचा दाखला सत्र संपल्यावर नव्हे, दर महिन्याला पाहत जा. ७५ टक्क्यांना दोन टक्के कमी पडले तर पुढचा हप्ता जातो.

राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती घेणाऱ्यांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळू शकतो. याचा अर्ज महाडीबीटीवर वेगळा भरावा लागतो, फीच्या अर्जासोबत तो आपोआप होत नाही. आईवडील अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजूर असतील तर रक्कम बरीच मोठी मिळते. वर अल्पभूधारक प्रमाणपत्र काढायला सांगितलं ते यासाठी.

घरातलं कुणी गवंडी, सेंट्रिंग किंवा रंगकामावर जात असेल तर आणखी एक दार आहे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करा. मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र आणि १८ ते ६० वय एवढंच मुख्य लागतं. नोंदीत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना पदवीसाठी वर्षाला २० हजार, अभियांत्रिकीला ६० हजार, वैद्यकीयला १ लाख आणि अकरावी-बारावीला १० हजार मिळतात. नोंदणी दर वर्षी नूतनीकृत करावी लागते. ती मध्ये तुटली की त्या वर्षाचा पैसा जातो.

महाडीबीटीचा अर्ज भरताना

सगळे कागद आधी एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा. प्रत्येक फाइल १५ ते २५६ केबीच्या आत, जेपीजी किंवा पीडीएफ. मोबाइलवरचा फोटो सरळ चढत नाही, आणि आकार कमी करताना अक्षरं पुसट झाली तर कॉलेजचा कारकून तेवढ्यावर अर्ज परत करतो. दाखल्यावरचा शिक्का आणि क्रमांक वाचता येतो का, हे स्वतः मोठं करून पाहा.

प्रोफाइलमध्ये वैयक्तिक माहिती, पत्ता, पालकांची माहिती, चालू अभ्यासक्रम, मागचं शिक्षण आणि वसतिगृह अशी पानं आहेत. चुका चालू अभ्यासक्रमाच्या पानावर सर्वांत जास्त होतात. कॉलेजच्या नावासारखी दोन-तीन नावं यादीत दिसतात: ज्युनिअर, सीनिअर आणि त्याच संस्थेचं दुसऱ्या गावचं. कोड कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातून विचारून घ्या. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी वर्ष 'दुसरं' निवडायचं. प्रवेशाचा प्रकार 'कॅप' आणि सीईटी कक्षाचा अर्ज क्रमांक प्रवेशपत्रावरून जसाच्या तसा टाकायचा. वसतिगृहाच्या पानावर, मान्य वसतिगृहाचा कागद हातात असेल तरच तसं लिहा. खोली करून राहणारा 'वसतिगृहात' लिहितो आणि पुरावा देता न आल्यानं भत्ता अडतो.

नाव आधारवर, दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि बँकेत सारखं असावं. 'ज्ञानेश्वर' आधारवर 'दन्यानेश्वर' झालेला असतो. अर्जाआधी आधार दुरुस्त करणं सोपं, नंतर अवघड.

अर्ज सादर केल्यावर प्रिंट काढा, मूळ कागदांच्या झेरॉक्ससह कॉलेजात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही घ्या. अर्ज आधी कॉलेजच्या कारकुनाकडं, मग प्राचार्यांकडं, मग विभागाच्या अधिकाऱ्याकडं जातो. कॉलेजनं पुढं न पाठवलेला अर्ज तिथंच पडून मुदत संपते, आणि दोष विद्यार्थ्यावर येतो. दर सोमवारी लॉगिन करून स्थिती पाहायची सवय लावा. 'सेंट बॅक' दिसलं तर शेजारचा शेरा वाचा. काय हवं ते तिथंच लिहिलेलं असतं. शेरा न वाचता तोच अर्ज तसाच पुन्हा पाठवला की दुसऱ्यांदा परत येतो, आणि दुरुस्तीची मुदत निघून जाते.

कॉलेजकडं दोन खेपा मारूनही हलत नसेल तर लेखी अर्ज द्या आणि पोर्टलवरच्या तक्रार विभागात अर्ज क्रमांकासह नोंद करा. उच्च शिक्षणाच्या योजनांसाठी सहसंचालकांची कार्यालयं छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड इथं आहेत. अनुसूचित जातीच्या योजनांसाठी जिल्ह्याचे समाजकल्याण सहायक आयुक्त. तिथं तोंडी बोलून काही होत नाही, पोच असलेला कागद न्या.

पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज नको, 'नूतनीकरण' निवडा. नवा अर्ज भरला की आधीचा लाभ तुटल्यासारखा दिसतो. परीक्षा शुल्कात आणखी एक सवलत असते. शासनानं तालुका दुष्काळग्रस्त जाहीर केला की तिथल्या विद्यार्थ्यांचं परीक्षा शुल्क माफ होतं. २०२३ च्या खरिपात राज्यातल्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता, त्यात मराठवाड्यातलेही होते. आपला तालुका यादीत आला की कॉलेजात स्वतः जाऊन विचारा.

पैसे येईपर्यंतचं वर्ष आणि घरची बचत

शिष्यवृत्ती मंजूर होऊन खात्यावर पडेपर्यंत वर्ष सरून जाऊ शकतं, कधी पुढचं सत्रही. तेवढं अंतर घरच्या पैशावर काढावं लागतं, आणि त्यासाठी सावकाराकडं जायची वेळ येऊ नये एवढाच बचतीचा हेतू ठेवा.

लेकरू आठवीत गेलं की जूनमध्ये पोस्टात ५ वर्षांची आवर्ती ठेव उघडा. आठवी ते बारावी पाच वर्षं होतात आणि ठेव नेमकी प्रवेशाच्या जूनमध्ये पिकते. महिना १,००० रुपये भरले तर ६.७ टक्के दरानं सुमारे ७१ हजार होतात. पहिल्या वर्षाचा विकास शुल्क, खोलीचं डिपॉझिट आणि चार महिन्यांची मेस त्यात निघते. हप्ता चुकला तर दर १०० रुपयांना १ रुपया दंड लागतो. सलग चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं. १२ हप्ते झाल्यावर निम्म्या रकमेपर्यंत कर्ज काढता येतं, त्यामुळे एखाद्या कोरड्या साली खातं मोडायची गरज नाही.

मुलगी १० वर्षांच्या आत असेल तर सुकन्या समृद्धी. शेतकऱ्याच्या घराला ही जास्त जुळते, कारण महिन्याला ठरावीक हप्ता नाही. वर्षाला किमान २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख, कधीही, कितीही वेळा. मोंढ्यात सोयाबीनची पट्टी हातात पडली की त्याच आठवड्यात १० हजार टाका. महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरले तर त्या महिन्याचं व्याज मिळतं, पण पट्टी ६ तारखेला आली तरी पैसे घरात ठेवण्यापेक्षा खात्यात बरे. खातं उघडल्यापासून १५ वर्षं भरायचं, २१ वर्षांनी मिळतं. पण मुलगी १८ वर्षांची झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर शिक्षणासाठी मागच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्मी रक्कम काढता येते. त्यासाठी प्रवेशाचं पत्र आणि फीची मागणी लागते. २०२४-२५ मध्ये दर ८.२ टक्के होता आणि तो दर तिमाहीला सरकार ठरवतं. तोच राहिला तर वर्षाला १० हजार भरणाऱ्याची रक्कम शेवटी साडेचार लाखांच्या पुढं जाते.

१ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला, घरात पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर, राज्याची लेक लाडकी योजना आहे: जन्मल्यावर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५ हजार, मिळून १ लाख १ हजार. अर्ज अंगणवाडी सेविकेकडं द्यायचा. हप्ते आईच्या आणि मुलीच्या खात्याशी जोडलेले असतात, तेव्हा सीडिंग तिथंही तपासा.

एवढं करूनही कमी पडलं तरच शैक्षणिक कर्जाकडं जा, आणि तेही कॅपच्या यादीत नाव लागल्यावर लगेच. फी भरायची शेवटची तारीख समोर असताना बँक घाईनं मंजूर करत नाही. चांगल्या क्रमवारीच्या निवडक संस्थांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत मिळते. इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळाची व्याज परताव्याची योजनाही आहे, पण ती परतावा देते, कर्ज नाही. कर्ज आधी बँकेतून मंजूर व्हावं लागतं. बँकेत जाताना शिष्यवृत्तीच्या अर्जाची प्रत सोबत न्या आणि कर्जाच्या मागणीतून सवलतीची रक्कम वजा करूनच आकडा लिहा. ७७ हजारांच्या फीवर ४२ हजारांचंच कर्ज लागत असेल तर ७७ चं काढू नका, कारण शिष्यवृत्ती नंतर आली तरी मधल्या काळाचं व्याज घरालाच भरावं लागतं.